बंदर येईपर्यंत : मराठी कादंबरीतील अनिश्चयाची किंमत

विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' मी बावीस वर्षे वर्गात शिकवले. चक्रधर विध्वंस हर्टाला पुढे का जाऊ देतो, या प्रश्नाला विद्यार्थी ठरलेली उत्तरे देत आले आणि मीही ती ठरल्याप्रमाणे मान डोलावून स्वीकारत आलो. युद्धाची छाया, वंशद्वेष, धर्मभेद, पहिल्या प्रेमात झालेला अपेक्षाभंग. आणि यांपैकी काहीच आठवले नाही तर नियती. यांतल्या कोणत्याही दोन कारणांना परीक्षेत गुण मिळतात. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण त्याला नक्की काय हवं होतं?"

मी म्हणालो, "ते त्यालाच कळत नव्हतं. शोकांतिका तिथंच आहे."

मला ते उत्तर बरे वाटले होते. तिने मात्र ते वहीत उतरवून घेतले नाही. "त्याला कळलं नव्हतं, मग ठरवलं कोणी?"

तेवढ्यात तास संपला. पुढच्या तासाला मी दुसराच धडा काढला, हेही कबूल केले पाहिजे.

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. स्वतःला काय हवे हे न उमगलेला माणूस मराठी कादंबरीत पुष्कळदा येतो, आणि आपल्या समीक्षेने त्याचे लाडही पुष्कळ केले. 'द्विधा मनःस्थिती', 'परात्मता', 'अस्तित्ववादी जाणीव' असे शब्द आपण त्याच्यासाठी हाताशी ठेवले आहेत. मीही ते वापरले, छापले, त्यावर चर्चासत्रांतून प्रवासभत्ते घेतले. आज मला वाटते की या शब्दांनी एक हिशेब झाकला गेला. माणूस ठरवत नाही, तरी गोष्टी घडायच्या थांबत नाहीत. त्या कुणाच्या तरी हातून, कुणाच्या तरी खर्चाने घडतातच. तो खर्च कुणाच्या नावावर पडला, हे आपण पाहिले नाही.

*

आधी थोडे मागे जातो. अनिश्चयाचे जगातले सर्वांत प्रसिद्ध नाटक मराठीत कुणी आणले? गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले, आणि त्या काळात आगरकरांनी हाती घेतलेले 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. यातला विरोधाभास मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. ज्या तरुणाने विद्यार्थिदशेतच आईला पत्र लिहून मोठ्या पगाराच्या नोकरीची आणि संपत्तीची आशा सोडायला सांगितले, ज्याला आपल्याला काय करायचे आहे याविषयी तिळमात्र शंका नव्हती, तो तुरुंगात बसून जगातल्या सर्वांत मोठ्या शंकेखोराचे बोलणे मराठीत उतरवत होता.

परंतु नाव पाहा. 'विकारविलसित', म्हणजे विकारांचा खेळ. संशय, विचार, विलंब यांतला एकही शब्द आगरकरांनी मथळ्यात घेतला नाही. राजपुत्राला काय करावे ते कळत नाही असे नव्हे, विकार त्याला ते करू देत नाहीत, असा अर्थ त्या नावातच आहे. हे नाटक पुढे शाहूनगरवासी मंडळीने रंगभूमीवर गाजवले, आणि गणपतराव जोशी यांच्या भूमिकेच्या आठवणी आपल्याकडच्या नाट्येतिहासात अजून निघतात. म्हणजे मराठी प्रेक्षकाला न ठरवणारा नायक प्रथम भेटला तो भावनेच्या आवेगात सापडलेला माणूस म्हणून. 'इच्छाच स्पष्ट नाही' असा माणूस आपल्या साहित्यात यायला आणखी अर्धे शतक जावे लागले. तो आला बोटीने.

*

'रणांगण' १९३९ साली प्रसिद्ध झाले. बेडेकर इंग्लंडहून परतले होते, तो बोटीचा प्रवास त्यांनी स्वतः केला होता. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर काही हिंदी प्रवासी आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित. हिंदी प्रवासी मुंबईला उतरणार. निर्वासितांना मात्र पुढे चीनच्या दिशेने जायचे आहे.

या प्रवासाची बाहेरची बाजू वर्गात सहसा सांगितली जात नाही, म्हणून येथे सांगतो. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टावर 'जे' या अक्षराचा शिक्का मारला जाऊ लागला. बहुतेक देशांनी व्हिसा नाकारला होता. शांघाय हे असे एक शहर उरले होते की जिथे उतरायला व्हिसा लागत नसे. इटालियन कंपनीच्या बोटी जेनोआ किंवा त्रिएस्तेहून निघून सुएझ कालव्यातून मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला पोचत. सतरा ते वीस हजारांच्या आसपास ज्यू त्या काळात शांघायला गेले. ऑगस्ट १९३९ मध्ये तिथेही निर्बंध आले. म्हणजे ज्या जगात ही कादंबरी घडते, त्यात दोन प्रकारची माणसे एकाच डेकवर बसून कॉफी पीत होती. एकाला उतरायला स्वतःचे बंदर होते, घर होते, भाषा होती. दुसऱ्याला कुठे उतरायचे हे जगातल्या कुठल्या तरी कचेरीने ठरवलेले होते.

आता चक्रधर आणि हर्टा यांच्याकडे या नजरेने पाहा. हर्टाजवळ निवड जवळपास नाही. आणि तिला काय हवे ते ठाऊक आहे. चक्रधराजवळ निवडच निवड आहे. आणि त्याला ठाऊक नाही. उमेने दुसऱ्याशी लग्न केल्यापासून त्याने स्वतःभोवती एक कडवट हुशारी बांधून घेतली आहे. प्रेमावर त्याचा विश्वास नाही, असे तो समजतो. बोट त्याला सोयीची आहे, कारण बोटीवरचे काहीही मुंबईपर्यंतच असते. तिथे प्रेम करता येते आणि 'अजून काही ठरलेले नाही' असेही मानता येते. मुंबईचे बंदर जवळ येत जाते तसतसा हा करार अवघड होत जातो. पण तो स्वतः मोडायची पाळी चक्रधरावर येत नाही. बोट वेळापत्रकाप्रमाणे धक्क्याला लागते. तो उतरतो, ती पुढे जाते.

ठरवले कोणी, या त्या मुलीच्या प्रश्नाचे साधे उत्तर हे आहे: वेळापत्रकाने.

मी पूर्वी येथे 'नियती' हा शब्द लिहीत असे. माझ्या जुन्या प्रतीच्या समासात तो पेन्सिलीने लिहिलेला अजून आहे. पण वेळापत्रक आणि नियती यांत फरक आहे, आणि तो लहान नाही. नियती कुणाला आधी कळवत नाही. वेळापत्रक मात्र तिकिटाबरोबर हातात दिलेले असते. मुंबई कधी येणार हे चक्रधराला पहिल्या दिवसापासून माहीत होते. जो माणूस तारीख माहीत असूनही तारखेपर्यंत थांबतो, त्याने निर्णय घेतला नाही असे म्हणता येत नाही. त्याने निर्णय तारखेच्या अंगावर टाकला.

नावांकडेही आपण पुरेसे पाहिलेले नाही असे मला वाटते. कादंबरीचे नाव 'रणांगण' आहे, म्हणून आपण महायुद्धाकडे पाहतो. मराठी वाचकाच्या मनात मात्र या शब्दाबरोबर आणखी एक चित्र उभे राहते: दोन सैन्यांच्या मध्ये थांबलेला रथ. त्या रथात ज्याला काय करावे कळत नाही तो अर्जुन आहे, आणि जो सांगतो तो चक्र धारण करणारा. बेडेकरांनी आपल्या नायकाला नाव सांगणाऱ्याचे दिले आणि अवस्था विचारणाऱ्याची. हा चक्रधर बोटीवर इतरांविषयी, जगाविषयी, स्त्रीपुरुषांविषयी पुष्कळ बोलतो; मते देण्यात तो कमी नाही. अर्जुनाने निदान रथ थांबवायला सांगितला होता आणि मला कळत नाही असे उघड म्हटले होते. येथे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच देहात कोंबलेले आहेत, म्हणून दोघांचेही काम होत नाही. आडनाव विध्वंस. हे आडनाव आपल्याकडे खरोखर आहे, म्हणून त्यावर फार भार देत नाही.

मग येतात पुढच्या प्रवासातून आलेली हर्टाची पत्रे, आणि शेवटी तिने समुद्रात केलेला देहाचा शेवट. चक्रधराला आपल्याला काय हवे होते ते कळते, पण केव्हा? ती हाताबाहेर गेल्यावर. आपण ही कादंबरी वाचतो तीही त्याच्याच तोंडून, घडून गेल्यानंतर. प्रथमपुरुषी निवेदनाचा हा एक फायदा आहे, आणि त्याविषयी वाचकाने सावध असावे असे मला आता वाटू लागले आहे. जे आयुष्यात ठरवले नाही ते सांगताना ठरवल्यासारखे लावता येते. घटनांना क्रम येतो, कारण येते, करुणा येते. हर्टाला तेवढी सवड नव्हती.

*

या कादंबरीच्या पाच वर्षे आधी, १९३४ मध्ये, 'हिंदोळ्यावर' प्रसिद्ध झाली होती. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. आदल्या वर्षीच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने हे टोपणनाव घरोघर पोचले होते. 'हिंदोळ्यावर' या नावामुळे अचला ही नायिकादेखील आपल्या 'द्विधा' यादीत गेली. नवऱ्याने टाकलेली स्त्री, तिच्या आयुष्यात आलेला विराग, समाज एका बाजूला आणि मन दुसऱ्या बाजूला: झोका आपोआप दिसतो.

पण अचलेला काय हवे ते कळत नाही, असे कादंबरीत कुठे आहे? तिला सहवास हवा आहे, मूल हवे आहे, उजळ माथ्याने राहायचे आहे. तिची इच्छा स्वच्छ आहे. अडचण कायद्याची आहे. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता; मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. १९३४ साली मुंबई प्रांतातल्या अचलेसारखीला टाकून गेलेल्या नवऱ्यापासून सुटायची वाटच नव्हती. तिचा झोका बाहेरून कुणी तरी बांधलेला आहे. तिच्या अवस्थेला आणि चक्रधराच्या अवस्थेला एकच पारिभाषिक शब्द वापरणे म्हणजे कुलूप लावलेल्या खोलीतला माणूस आणि दार उघडे असून उंबऱ्यावर रेंगाळणारा माणूस, दोघेही 'घरात आहेत' असे म्हणण्यासारखे आहे.

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई, आणि १९३८ मध्ये त्यांचे विश्राम बेडेकरांशी लग्न झाले, हे वाचकांना ठाऊक आहेच. यावरून कुठला चरित्रात्मक इमला उभारायचा माझा बेत नाही. तसले इमले पाहून पाहून कंटाळा आला आहे. परंतु एकाच घरातून, पाच वर्षांच्या अंतराने, हवे ते माहीत असून परवानगी नसलेली स्त्री आणि परवानगी असून हवे ते माहीत नसलेला पुरुष, अशी दोन पात्रे मराठीत यावीत आणि आपण ती कधी शेजारी ठेवून वाचू नयेत, याचे मला आश्चर्य वाटते. आपल्या अभ्यासक्रमात एक 'स्त्रीवादी साहित्य' या प्रश्नपत्रिकेत असते, दुसरी 'कादंबरी' या प्रश्नपत्रिकेत. त्यांची गाठ पडणार कशी?

*

आता 'कोसला'. येथे मी त्रयस्थ नाही, म्हणून आधी माझे सांगतो.

१९८४ साली मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि माझ्या हातात एका बँकेचे नेमणूकपत्र होते. रुजू होण्याची तारीख त्यावर टंकलेली होती. वडील पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. मला बँकेत जायचे होते का? नव्हते, असे आज मी सांगतो. तेव्हा मात्र सकाळी वाटायचे जावे, रात्री वाटायचे जाऊ नये. साहित्य हवे होते असेही ठामपणे म्हणता येत नव्हते. कविता जमत नव्हती, प्राध्यापक होण्याचे आकर्षण नव्हते. उशाला 'कोसला' होती. ती तेव्हा माझ्या वयाच्या निम्म्या मुलांच्या उशाला असायची. मी नकार कळवला नाही, होकारही कळवला नाही. ते पत्र पुस्तकात खुणेला घातले. एका सकाळी आई फडताळ आवरताना ते हातात घेऊन म्हणाली, "अरे, तारीख गेली की ही."

पुढे तीस वर्षे मी ही गोष्ट 'मी बँकेची नोकरी नाकारली' अशी सांगत आलो. मुलाखतींत सांगितली, स्टाफरूममध्ये सांगितली. मागच्या वर्षी एका समारंभात सांगितली तेव्हा धाकटा भाऊ समोर बसला होता. वडील निवृत्त झाले त्या वर्षी तो बारावी होऊन एका कारखान्यात लागला होता. मला एम.ए. पुरे करायचे होते. घरी जाताना रिक्षात तो एवढेच म्हणाला, "दादा, तू नाकारलीस हे मला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटलं राहून गेली."

'कोसला' १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही तेवढ्याच वयाचा. खानदेशातल्या सांगवीचा, खाऊन-पिऊन सुखी घरातला मुलगा पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, नसत्या जबाबदाऱ्या अंगावर घेतो, पैसे उडवतो, परीक्षेत नापास होतो, गावी परततो. मधे धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू होतो. मराठी गद्यातले ते प्रकरण मला अजून सलग वाचता येत नाही.

पांडुरंगाच्या बोलण्यातले 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द एका पिढीने उचलले. त्या शब्दांच्या विनोदावर बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या कामावर कमी. 'उदाहरणार्थ' म्हटले की जे सांगतो आहोत ते अनेक शक्यतांपैकी एक ठरते, त्याचा आग्रह उरत नाही. 'वगैरे' म्हटले की वाक्य पुरे करायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते. म्हणजे एका शब्दाने सुरुवातीची बांधिलकी सुटते, दुसऱ्याने शेवटची. न ठरवणाऱ्या मनाचे व्याकरणच नेमाड्यांनी शोधून काढले. ही त्या कादंबरीची थोरवी आहे, आणि ती पांडुरंगाची थोरवी नाही. हा भेद आम्ही केला नाही. आम्ही व्याकरण उचलले आणि ते तत्त्वज्ञान समजलो.

तत्त्वज्ञान म्हणून आमच्याकडे अस्तित्ववाद होता. सार्त्रचे नाव तेव्हा कॉलेजच्या कँटीनमध्येही ऐकू यायचे. सार्त्रने ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसला दिलेले व्याख्यान पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आले आणि अस्तित्ववाद म्हणजे काय हे लोकांना त्यातूनच कळले. त्यात तो आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात आहे. मुलाचा थोरला भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेला आहे, वडील शत्रूला सामील होण्याच्या बेतात आहेत, आई एकटी आहे आणि तिला या मुलाशिवाय कोणी नाही. त्याने इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात जावे की आईजवळ राहावे? सार्त्रचे उत्तर असे की कोणतेही नीतिशास्त्र हे ठरवून देणार नाही. तू मोकळा आहेस, तूच निवड. शिवाय तो बजावतो की न निवडणे हीसुद्धा निवडच असते. आणि माणूस सल्ला विचारायला कुणाकडे जातो, यातच त्याने काय ऐकायचे ते निम्मे ठरवलेले असते; पाद्र्याकडे जाणाराही पाद्री निवडून जातो.

हे वाचल्यावर काय उरते? ज्या विचाराने न ठरवण्याला जागाच ठेवली नव्हती, तो आम्ही न ठरवण्याचा दाखला म्हणून मिरवला. सार्त्रच्या त्या मुलासमोर दोन माणसे आहेत: एक आई, एक मेलेला भाऊ. त्याच्या प्रत्येक पर्यायाला चेहरा आहे. आमच्या लेखांतून पांडुरंगाभोवती मात्र 'निरर्थकता' नावाचे धुके तेवढे राहिले. त्याच्या वसतिगृहाची बिले भरणारे वडील धुक्यात गेले. कादंबरीत ते स्पष्ट आहेत. बापलेकांतला पैशाचा व्यवहार, त्यातला राग, त्यातली लाज नेमाड्यांनी बारकाईने लिहिली आहे. पांडुरंगाला ती कळते, म्हणून तर तो हसवतो आणि दुखवतोही. डोळेझाक झाली ती समीक्षकांकडून, आणि त्यांच्यामागे असलेल्या माझ्यासारख्या वाचकांकडून.

नेमाड्यांना स्वतःला हे जाणवले असावे असे पुढच्या कादंबऱ्या पाहून वाटते. 'बिढार'पासून सुरू होणारा चांगदेव गावोगावच्या कॉलेजांत नोकऱ्या धरतो आणि सोडतो. त्याला काय हवे ते त्यालाही धड सांगता येणार नाही, पण काय नको ते त्याला कळते आणि ते तो सोडून दाखवतो. सोडण्याची किंमतही बरीचशी स्वतः भरतो. माझ्या लेखी पांडुरंगापेक्षा चांगदेव मोठा आहे. हे मत फारसे कुणाला पटत नाही, याची मला कल्पना आहे.

*

मग न कळताच ठरवायचे कसे, याचे एखादे उदाहरण मराठीत आहे का? मला ते गौरी देशपांडे यांच्याकडे दिसते. 'एकेक पान गळावया' १९८० चे, 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' १९८५ चे, 'थांग' आणि 'दुस्तर हा घाट' १९८९ ची. या नायिका शिकलेल्या, परदेशात वावरणाऱ्या, पैशाची विवंचना नसलेल्या आहेत. यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. टीकेत तथ्य आहे. पण अचलेला नसलेली परवानगी यांना मिळाल्यावर काय होते, हे पाहायचे तर याच घरात पाहावे लागणार. आणि होते असे की परवानगी मिळाली तरी उत्तर मिळत नाही. नवरा चांगला आहे, मुले आहेत, तरी काही तरी हुकले आहे. ते काय, याचा 'थांग' लागत नाही.

फरक पुढच्या पावलात आहे. चक्रधर कळण्याची वाट पाहतो आणि बंदर येते. गौरीच्या बायका कळले नसतानाच उठतात, घर सोडतात किंवा परत येतात, कुणावर प्रेम करतात, आणि त्याचे जे होईल ते आपल्या अंगावर घेतात. चुकतातही. 'तेरुओ'मधली विवाहित स्त्री जपानमध्ये एका तरुणाच्या प्रेमात पडते तेव्हा हे कुठे जाणार याचा हिशेब तिच्यापाशी नसतो. पण हे घडते आहे आणि मी करते आहे, एवढे ती स्वतःपासून लपवत नाही. त्या बोलतात फार, स्वतःवर चिडतात, कधी कधी लेखिकेचे लाड त्यांच्यावर जास्तच होतात. पण घडलेल्याचे खापर त्या तारखेवर फोडत नाहीत.

*

'रणांगण' मी या उन्हाळ्यात पुन्हा वाचले, या वेळी मागून. आधी हर्टाची पत्रे, मग बोट. या क्रमाने चक्रधराचे बोटीवरचे चतुर बोलणे ऐकताना अंगावर काटा येतो. मुंबईपासून शांघायपर्यंतच्या वाटेवर बंदरे होती. प्रत्येक बंदर म्हणजे आणखी एक तारीख होती. वाचकाला त्या मोजता येतात. बेडेकरांनी त्या मोजायला जागा ठेवली आहे, हे मला बावीस वर्षांत दिसले नव्हते. वर्गातही यंदापासून पत्रांपासूनच सुरुवात करायची असे ठरवले आहे.

तो प्रश्न विचारणारी मुलगी जूनमध्ये घरी आली होती. दोन ठिकाणचे प्रवेश तिच्या हातात होते: एक आमच्याच गावात बी.एड.चा, दुसरा हैदराबादला भाषाशास्त्राचा. काय करू कळत नाही म्हणाली. मी विचारले, "तुझ्या आत्याकडे का नाही गेलीस? त्या शिक्षिका आहेत ना?"

ती जरा हसली. "आत्या बी.एड. म्हणणार, माहीत होतं."

"म्हणजे ठरलंय."

"ठरलं नाही हो सर. नुसतं वाटतं."

"शेवटची तारीख कधी?"

"पंधरा."

त्या दिवशी नऊ तारीख होती. मी चहा ठेवला. मग विचारले, "हैदराबादचे पैसे कोण भरणार?"

"दादा. तो पुण्याला कंपनीत आहे."

"त्याला सांगितलंस?"

ती गप्प राहिली. कपातला चहा निम्मा राहिला होता. मग तिने पर्समधून मोबाइल काढला आणि बाहेर जिन्यात गेली. बराच वेळ तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.